रावसाहेबांच्या पलीकडची जागा

पश्चिम खानदेशात त्या काळी मोटारी मोजक्याच होत्या, पण मोटारीत कोणी कुठं बसायचं याचे नियम मात्र पक्के झालेले होते. नंदुरबारहून तळोद्यावरून अक्कलकुव्याला जाणारी जेठमलशेठची सर्व्हिस मोटार घ्या. मागच्या लाकडी बाकांवर रयत आणि रयतेची कोंबडी. मधल्या बाकांवर वकील, मास्तर, आडत्ये. आणि अगदी पुढं, ड्रायव्हरच्या डाव्या हाताला, सरकार. ती जागा दोघांची होती. पण सरकार आणि सरकारची रुंद काठांची सोला हॅट मिळून दोघं भरत, म्हणून तिथं आणखी कोणी बसण्याचा प्रश्न कधी आला नाही.

सरकार म्हणजे रावसाहेब. हा किताब त्यांना अजून मिळालेला नव्हता, पण मिळणार होता, म्हणून लोकांनी आधीच जिभेला वळण लावून घेतलं होतं. त्यांचं खातं कोणतं ते विचारू नका. खातं अजून चालू आहे आणि कामं सगळ्यांनाच पडतात.

ही मोटार हाकायचा याकूब. नवापूरकडच्या डोंगरातला, आणि त्याच्या साऱ्या गावात ड्रायव्हरचा पितळी बिल्ला छातीला लावणारा तो पहिलाच. तो बिल्ला मिळाला तेव्हा गावच्या पाद्रीबाबांनी प्रार्थना म्हटली होती आणि प्रार्थनेला न येणारेसुद्धा आले होते. बायको गंगीबाई दर रविवारी चिंचेनं घासून तो बिल्ला लख्ख करायची. बिल्ला होता तोवर याकूब ड्रायव्हर होता, बाजारात लोक त्याला रामराम करायचे. बिल्ला गेला की तो पुन्हा जंगलात लाकडं तोडायला मोकळा. याची त्याला इतकी धास्ती होती, की अंघोळीला बसतानाही तो बिल्ला नजरेसमोर ठेवायचा.

आता गाडी कोणतीही असो, ती हाकणाऱ्याला तिच्याभोवतालची थोडी जागा दिसत नाहीच. नाकाखाली, शेपटीमागं आणि बाजूला कुठं ना कुठं नजर अडते. हे याकूबला ठाऊक होतं आणि त्यावर त्याचा उपाय साधा होता. मोटार सुरू करण्याआधी तो खाली उतरायचा, मोटारीभोवती एक फेरी मारायचा, चाकांजवळ वाकून बघायचा आणि मगच वर चढायचा. अक्कलकुव्याच्या बाजारात तर हे करावंच लागे. तिथं उन्हाळ्यात मोटार उभी राहिली रे राहिली, की तिच्या सावलीत बाजार भरायचा. डोंगरातून आंबोशी, चारोळी, मोहाची फुलं घेऊन उतरलेल्या बाया मोटारीला पाठ लावून टोपल्या मांडायच्या, तिथंच भाकरी सोडायच्या, तिथंच डुलकी काढायच्या. मोटार ही त्यांच्या लेखी चाकांवर आलेली सावली होती, आणि सावली फुकट होती.

रावसाहेबांना ही फेरी खपली नाही. आपण मोटारीत बसलो आणि ड्रायव्हर खाली उतरून फिरतोय, हे त्यांना शिस्तीला सोडून वाटलं. सरकार बसल्यावर मोटार उभी राहते म्हणजे सरकार थांबतं, आणि सरकार थांबलं तर रयतेनं काय समजावं, असं त्यांनी जेठमलशेठला विचारलं. जेठमलशेठचा या रूटचा परवाना दरसाल रावसाहेबांच्या शेऱ्यानं पुढं सरकायचा. त्यानं याकूबला सांगितलं, की आजपासून प्रदक्षिणा देवळात घालायची, मोटारीला नाही.

राहता राहिला आरसा. मोटारीच्या डाव्या अंगाला लोखंडी दांडीवर एक गोल आरसा होता. त्यातलं ऊन रावसाहेबांच्या डोळ्यांवर यायचं, म्हणून त्यांनी तो वळवून घेतला. तेव्हापासून त्यात रावसाहेब दिसू लागले. प्रवासात तळोद्याच्या आसपास टोपी किती कलली ते बघायला त्यांना तो बरा पडे. आणि त्यांची बसण्याची ढबही अशी, की पाठ टेकून आरामात बसायचं नाही. एक हात पुढच्या फळीवर, मान ताठ, टोपी खिडकीच्या बरोबर मधोमध. रस्त्यावरच्या माणसाला वाटावं, मोटार हेच चालवताहेत. याकूबला उजवीकडचा सातपुडा अख्खा दिसायचा आणि डावीकडे फक्त रावसाहेब.

उन्हाळ्यातल्या एका बाजाराच्या दिवशी रावसाहेब चढले, याकूबनं मोटार सुरू केली, चाक डावीकडे वळवलं, आणि मागून किंकाळी आली. दिवलीबाई नावाची एक म्हातारी मोटारीच्या सावलीत बसली होती. मागचं चाक तिच्या आंबोशीच्या टोपलीवरून गेलं आणि पायाच्या अंगठ्यावरूनही. टोपलीचा भुगा झाला. अंगठाही पुन्हा कधी अंगठ्यासारखा दिसला नाही.

चौकशी नेमली गेली आणि ती रावसाहेबांकडेच आली. घटना घडली तेव्हा जागेच्या सगळ्यांत जवळ तेच होते, तेव्हा त्यांच्याइतका लायक माणूस दुसरा कोण? त्यांनी सखोल चौकशी केली. चालकाच्या डाव्या अंगास काही जागा नजरेआड राहते, हे त्यांनी मान्य केलं. ती का राहते याच्या शोधात ते मोटारीभोवती दोनदा फिरले, चाकं पाहिली, टप चाचपला, आणि शेवटी त्यांची नजर बाजारपटांगणातल्या जुन्या कडुलिंबावर गेली. लिंबाच्या फांद्या खाली आल्या होत्या. फांद्यांमुळे चालकाच्या दृष्टीस अडथळा होतो, असा निष्कर्ष निघाला. लिंब मोटारीच्या उजवीकडे होता, पण निष्कर्ष निघून गेला होता.

लिंब तोडला गेला. त्याच्याखाली जी पाच-पन्नास माणसं बसत, ती आता कुठं जाणार? तीही मोटारीच्या सावलीत आली. पुढच्या बाजाराला मोटारीच्या डाव्या अंगाला बसायला जागा मिळेना, बायांची भांडणं लागली.

मग रावसाहेबांनी दवंडी पिटवली. चालकास जी जागा दिसत नाही त्या जागेत कोणत्याही इसमाने बसू, उभे राहू अगर निजू नये. तसे करणारा इसम चालकाच्या नजरेआड राहिल्याबद्दल कसुरीस पात्र होईल. दवंडी शुद्ध मराठीत होती आणि ऐकणारे भिलीत बोलणारे होते, तरी ढोल वाजलेला सगळ्यांनी ऐकला. लोकांनी याकूबला विचारलं, ती न दिसणारी जागा आहे तरी कुठं, म्हणजे आम्ही तिच्या बाहेर बसतो.

"गाडी जठे जास, तठे ती जागाबी जास," याकूब म्हणाला. "आते काय सांगू तुमले?"

हे उत्तर रावसाहेबांच्या कानावर गेलं. जागा फिरते हे त्यांना अराजकासारखं वाटलं. सरकारी हद्दीतली जागा अशी हिंडू शकत नाही. त्यांनी हुकूम दिला, की बाजाराच्या दिवशी मोटार उभी राहताच तिच्या डाव्या अंगाला चुन्याची रेघ मारावी, म्हणजे ती जागा कायम होईल. रेघ मारली गेली. लोक शहाण्यासारखे रेघेच्या बाहेर बसले. मोटार सुरू झाली, रेघ ओलांडून पुढं गेली, आणि बरोबर जिथं लोकांना बसायला सांगितलं होतं तिथं वळली. दोन टोपल्या, एक कोंबडी आणि एका गड्याचं पागोटं चाकाखाली गेलं. रावसाहेबांनी नोंद केली, की रेघेच्या आत एकही इजा झालेली नाही.

यावर जेठमलशेठनं घाबरत घाबरत सुचवलं, की क्लीनर सुकरामला डावीकडे उभा करू; मोटार निघताना तो ओरडेल. रावसाहेबांनी सूचना अंशतः मंजूर केली. ओरडणं त्यांच्या कानाजवळ व्हायचं, म्हणून ओरडणं वगळलं आणि सुकरामच्या हाती लाल निशाण दिलं. सुकराम निशाण हलवायचा. बाजारातली पोरंठोरं, म्हशी, पोलीस, सगळ्यांना निशाण दिसायचं. याकूबला दिसायची टोपी. निशाण दिसत नाही असं त्यानं सांगितल्यावर निशाण मोठं करण्यात आलं. तेही दिसत नाही म्हटल्यावर सुकरामला मोटारीच्या आणखी जवळ उभं राहायला सांगितलं. तिसऱ्या बाजाराला मोटार सुकरामच्या पायावरून गेली. पाय मोडला. निशाण मात्र त्यानं शेवटपर्यंत खाली पडू दिलं नाही, अशी त्याची तारीफ झाली.

आता प्रकरण वर जाणार असं दिसू लागलं. रावसाहेबांच्या किताबाचे कागद त्याच सुमारास वर गेलेले होते, आणि दोन्ही कागद एकाच टेबलावर भेटावेत हे काही बरं नव्हतं. ठरवायला हवं होतं, दोष जागेचा की माणसाचा. तेव्हा प्रत्यक्ष पाहणी ठरली. दोष जागेचा निघाला तर याकूब सुटणार होता. माणसाचा निघाला तर बिल्ला जमा करायचा, असं रावसाहेबांनी आधीच स्पष्ट करून ठेवलं. आदल्या दिवशी गंगीबाईनं बिल्ला इतका घासला, की त्यावरचा नंबर पुसट व्हायची वेळ आली.

पाहणीला सारा बाजार लोटला. मोटार पटांगणात उभी केली. याकूब आपल्या जागेवर. डावीकडे दिवलीबाई लंगडत येऊन बसली, तिच्या पुढं टोपली ठेवली, टोपलीशेजारी कोणाची तरी बकरी बांधली. रावसाहेब स्वतः देखरेखीसाठी खाली उतरले आणि छत्री उघडून मोटारीसमोर उभे राहिले.

याकूबनं डावीकडे पाहिलं. त्याला सगळं दिसत होतं. दिवलीबाई दिसत होती, तिची टोपली दिसत होती, बकरीच्या गळ्यातली दोरी दिसत होती, पार तोडलेल्या लिंबाच्या बुंध्यापर्यंत मैदान कसं स्वच्छ मोकळं होतं. कित्येक महिन्यांत त्यानं आपल्या मोटारीची डावी बाजू पाहिली नव्हती. क्षणभर त्याला बरंच वाटलं. मग त्याच्या लक्षात आलं, की हे दिसणंच आपल्याला बुडवणार आहे.

रावसाहेबांनी एकेक वस्तूकडे बोट दाखवून विचारलं आणि याकूबला एकेक दिसत असल्याचं कबूल करावं लागलं. खोटं बोलावं तर समोर पाच-पन्नास डोळे. नजरेआड जागा नाही, असं रावसाहेबांनी मोठ्यानं जाहीर केलं.

याकूबनं हात जोडून विनंती केली, की साहेबांनी एकदा नेहमीच्या जागी बसावं आणि मग विचारावं.

"मी आत बसलो," रावसाहेब शांतपणे म्हणाले, "तर पाहणी कोण करणार?"

यात खोट काढायला जागा नव्हती. जेठमलशेठ मधे पडला. मोटार त्याची, ड्रायव्हरही त्याचा, आणि सुकरामनंतर दुसराही माणूस गमावणं त्याला जड जात होतं. त्यानं फार अदबीनं सुचवलं, की साहेब खालीच राहू देत, त्यांच्या जागी साधारण तेवढंच एखादं धान्याचं पोतं ठेवू आणि त्यावर, साहेबांची हरकत नसेल तर, टोपी ठेवू. बोलता बोलताच त्याला आपण काय बोललो ते कळलं. रावसाहेबांनी एवढंच विचारलं, माझ्या जागी पोतं? जेठमलशेठ दोन पावलं मागं सरकला.

मग साक्षीदार. मधल्या बाकांवर रोज बसणारे सभ्य गृहस्थ पुढं बोलावले गेले. मास्तरांच्या बदलीचा अर्ज रावसाहेबांकडे होता. वकिलांच्या पक्षकारांची कामं त्यांच्याकडे होती. आडत्यांचा भाचा त्यांच्या कचेरीत चिकटायचा होता. तिघांनाही डावीकडच्या खिडकीतून रोज सगळं दिसायचं. दिवलीबाई दिसली होती, सुकरामचं निशाण दिसलं होतं, आणि ते याकूबला का दिसत नाही हेही पाठमोरं रोज दिसायचं. तिघांनी शपथेवर सांगितलं, की मोटार सुटताना त्यांना हटकून झोप लागते. मास्तरांनी तर हवेच्या गुणाबद्दल चार शब्द सांगितले.

शेवटी याकूबला विचारण्यात आलं, की आज दिसतं ते त्या दिवशी का दिसलं नाही. याकूबनं छातीवरच्या बिल्ल्यावर हात ठेवला.

"साहेब, तुम्ही आज खाल उभा शेतस," तो म्हणाला, "म्हनीसन दिखस."

"म्हणजे?"

रावसाहेबांनी हे फार सौम्यपणे विचारलं. याकूबनं मास्तरांकडे पाहिलं, मास्तरांनी जमिनीकडे. वकिलांनी चष्मा पुसायला काढला. एवढ्या बाजारात एकानं जरी हूं म्हटलं असतं, तरी तो पुढचं वाक्य बोलला असता. कोणी हूं म्हटलं नाही. त्याला राग आला. सगळ्यांच्या वाटचं आपणच का बोलावं, असं त्याच्या मनात आलं, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटली.

"म्हंजे मन्हा डावा डोया कमजोर शे," याकूब म्हणाला.

सगळ्यांना हायसं वाटलं. बाजाराला आलेल्या सरकारी दवाखान्याच्या कंपाउंडरनं तिथल्या तिथं डोळा तपासून तो कमजोर असल्याचा दाखला दिला. रावसाहेबांनी स्वतःच्या हातानं बिल्ला काढून घेतला आणि कसूर कबूल करण्याच्या प्रामाणिकपणाबद्दल याकूबची पाठ थोपटली.

जेठमलशेठनं त्याला बाजूला नेऊन धीर दिला. रावसाहेबांची बढती जवळ आली आहे. ते किताब घेऊन धुळ्याला गेले, की नव्या साहेबाकडून बिल्ला परत मिळवून देतो. तोवर मोटारीच्या टपावर माल चढवायचा, मागच्या बाकावर बसायचं. "तोंड बंद ठेव," शेठ म्हणाला, "बाकी मी पाही लिसू." याकूबनं मान हलवली. घरी त्यानं गंगीबाईला सांगितलं, की बिल्ला दुरुस्तीला दिला आहे.

नवा ड्रायव्हर आला डोंगरसिंग. त्याला डावा डोळा लहानपणापासूनच नव्हता. काही नतद्रष्टांनी कुजबुज केली, की कमजोर डोळ्यापायी एकाला काढलं आणि डोळा नसलेल्याला घेतलं. रावसाहेबांनी ही शंका एका वाक्यात उडवून लावली. कमजोरी असायला डोळा असावा लागतो. डोंगरसिंगचा जो डोळा आहे तो निर्दोष आहे. शिवाय डावीकडचं दिसत नाही अशी तक्रार याच्याकडून कधी येणार नव्हती, आणि तशी ती आली नाही. खात्यात या नेमणुकीचं कौतुक झालं.

पावसाच्या तोंडावरचा शेवटचा मोठा बाजार भरला. ऊन असं, की पटांगणात पाय ठरेना. लिंब नव्हता, निशाण नव्हतं, चुन्याची रेघही आता कोणी मारत नव्हतं, कारण नजरेआड जागा नसल्याचं पाहणीत सिद्ध झालं होतं. याकूबनं आंबोशीची पोती टपावर चढवली आणि मागच्या बाकावर डाव्या खिडकीशी बसला. खाली पाहिलं तर मागच्या चाकाला टेकून दिवलीबाई. दुखरा पाय लांब केलेला, पुढ्यात नवी टोपली.

तिनं वर पाहिलं, ओळखीचं हसली. त्यानं हलक्या आवाजात तिला सांगून पाहिलं, की आई, तिथून ऊठ.

"तू शे ना मझार," दिवलीबाई मोटारीच्या आत बोट करून म्हणाली, "मंग माले कसानं भ्याव?" आणि तिनं पदर डोक्यावरून ओढून घेऊन डोळे मिटले.

रावसाहेब आले. सारे उठून उभे राहिले, ते बसल्यावर बसले. आज ते खुशीत होते. बढतीचा हुकूम खिशात होता आणि किताबही पक्का झाल्याची वार्ता होती. आठवडाभरात ते धुळ्याला जाणार होते. म्हणजे याकूबचा बिल्ला आता हाताशी आला होता, फक्त एवढा आठवडा तोंड बंद ठेवायचं होतं. मोटार सुरू झाली. डोंगरसिंगनं चाक डावीकडे वळवायला घेतलं.

याकूबला सगळं दिसत होतं. मागचं चाक दिसत होतं, पदराखालचं डोकं दिसत होतं, मधलं अंतरही दिसत होतं. एक हाक मारायची, की मोटार थांबली असती. पण मोटार थांबली म्हणजे सरकार थांबलं, आणि सरकारनं मागं वळून पाहिलं असतं, कोण ओरडलं ते. त्यानं मधल्या बाकांकडे पाहिलं. मास्तरांचं डोकं छातीवर पडलं होतं. वकील घोरत होते, आडत्ये घोरत होते. इतक्या चटकन झोपलेली माणसं त्यानं जन्मात पाहिली नव्हती.

मग याकूबनंही खिडकीच्या लाकडावर डोकं टेकलं आणि डोळे मिटले. मोटार डाव्या अंगाला जराशी उचलली गेली आणि पुन्हा खाली बसली. खड्डा असेल, असं रावसाहेब म्हणाले.

याही प्रकरणाची चौकशी सुरू झाली. रावसाहेब धुळ्याला गेले, पुढं निवृत्त झाले, पुढं वारलेही, पण चौकशी बंद करण्याचा हुकूम कोणी न काढल्यामुळे ती चालूच आहे. मोटारीत डाव्या खिडकीशी बसलेल्या सगळ्यांचे जबाब अजून व्हायचे आहेत. तुम्हालाही बोलावणं येईल. काय सांगायचं ते आताच ठरवून ठेवा. झोप लागली होती हे कारण आधीच्यांनी वापरून संपवलं आहे.